अमेरिकन जावई, ब्रिटिश जहाज : सासू-सासऱ्यांसह अटलांटिक ओलांडण्याची पूर्वतयारी

रत्नागिरी, दापोली, मालवण या भागांतील अनेक घरांतली एखादी मुलगी आता न्यू जर्सीत किंवा बोस्टनला नांदते आहे आणि तिचा नवरा पुष्कळदा जन्माने अमेरिकन असतो. अशा जावयाने क्रूझ केलेली असली, तर ती बहुधा फ्लोरिडातून निघून कॅरिबियन बेटांकडे जाणाऱ्या अमेरिकन जहाजावरची. त्या जहाजांवर पाण्याच्या घसरगुंड्या असतात, मन मानेल तेव्हा जेवता येते आणि हाफ पँट घालून दिवसभर हिंडले तरी कोणी वळून पाहत नाही. तोच जावई एखाद्या वर्षी परंपरागत ब्रिटिश जहाजाने जाऊ या म्हणतो आणि कोकणातल्या सासू-सासऱ्यांनाही बरोबर घ्यायचे ठरते, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना काय ठाऊक असावे, ते येथे लिहिले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: या प्रवासात जुळवून घ्यावे लागते ते सासू-सासऱ्यांपेक्षा जावयालाच अधिक.

पहिला प्रश्न कंपनीचा. जावयाला परंपरेचीच हौस असेल, तर क्युनार्डपासून सुरुवात करावी. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे जन्मलेल्या सॅम्युअल क्युनार्ड यांनी टपाल वाहून नेण्याचे ब्रिटिश सरकारचे कंत्राट मिळवले आणि त्यांची ‘ब्रिटानिया’ ही आगबोट ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स व बोस्टनकडे निघाली. म्हणजे या कंपनीचा जन्मच अमेरिकेच्या वाटेवर झाला. आज ती कार्निव्हल या मायामीत मुख्यालय असलेल्या उद्योगसमूहाच्या मालकीची आहे आणि तिच्या जहाजांची नोंदणी २०११ पासून बर्म्युडातील हॅमिल्टन बंदरात आहे, त्यामुळे ‘अस्सल ब्रिटिश’ या शब्दांवर फार वाद घालू नये. ब्रिटिशपणा येथे टिकून आहे तो मालकीत नव्हे, तर दिवसाच्या शिस्तीत.

पी अँड ओ ही दुसरी जुनी कंपनी १८३७ पासूनची, आणि कोकणाला तिची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागणाऱ्या तिच्या टपालबोटींवर डेकची कामे करणाऱ्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खलाशांची संख्या मोठी होती आणि सारंग, तांडेल ही खलाशांच्या म्होरक्यांची पदे कित्येक घरांत बापाकडून मुलाकडे गेली. आजच्या पी अँड ओ क्रूझेसची जहाजे प्रामुख्याने साउदॅम्प्टनहून सुटतात, जहाजावरचा हिशेब पौंडांत होतो आणि प्रवासी बहुतांशी ब्रिटिशच असतात. त्यातली ‘आर्केडिया’ आणि ‘ऑरोरा’ ही दोन जहाजे केवळ प्रौढांसाठी आहेत, तर ‘आयोना’ आणि ‘आर्व्हिया’ ही पाच हजारांवर प्रवासी नेणारी नवी, कुटुंबवत्सल जहाजे आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला त्यांचे आरक्षण कोणत्या अटींवर मिळेल, हे मात्र पैसे भरण्यापूर्वी एजंटाकडून लेखी घ्यावे. पन्नाशीपुढच्यांसाठी असलेली सागा आणि मूळच्या नॉर्वेजियन घराण्याची फ्रेड ओल्सन यांचाही विचार होऊ शकतो, पण पहिल्याच खेपेस अमेरिकन माणसाला तेथे फारच निवृत्त वातावरण वाटेल, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा क्युनार्डच, आणि तिच्या चार जहाजांपैकीही ‘क्वीन मेरी २’. ‘क्वीन व्हिक्टोरिया’, ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि २०२४ मध्ये आलेली ‘क्वीन ॲन’ ही बंदरोबंदर फिरणारी क्रूझ जहाजे आहेत. ‘क्वीन मेरी २’ मात्र २००४ पासून साउदॅम्प्टन आणि न्यू यॉर्क यांच्या दरम्यान नियमाने ये-जा करणारी खरी लायनर आहे. तिची लांबी सुमारे ३४५ मीटर असून खवळलेल्या उत्तर अटलांटिकचा विचार करूनच तिचा सांगाडा जाड, नाळ म्हणजे पुढचे टोक उंच आणि बूड खोल बांधले आहे. सात रात्रींच्या या प्रवासात मध्ये एकही बंदर लागत नाही. ज्याला रोज सकाळी नवे बेट पाहण्याची सवय आहे, त्याला हे ऐकून धास्ती वाटेल. तरीही मी हाच प्रवास सुचवतो, कारण बंदरे नसली की जहाज कसे आहे ते नीट कळते.

दिशा कोणती निवडावी, याला अनेक जण महत्त्व देत नाहीत, परंतु वडीलधारी माणसे बरोबर असतील तर सगळ्या नियोजनाचा कणा हाच आहे. साउदॅम्प्टनहून न्यू यॉर्ककडे जाताना घड्याळ एकूण पाच तास मागे घ्यावे लागते. हे तास एकेका रात्री एकेक असे मागे जातात, त्यामुळे त्या दिवसांचे पंचवीस तास होतात आणि झोप पुरेपूर मिळते. उलट दिशेने येताना तेवढेच तास हातचे जातात. म्हणून सासू-सासऱ्यांनी मुंबईहून विमानाने लंडनला यावे, लेक-जावयाने अमेरिकेहून येऊन त्यांना तेथे गाठावे, आणि सर्वांनी मिळून पश्चिमेकडे निघावे. परतीचा प्रवास न्यू यॉर्कहून विमानाने होईल. जहाजावर सामानासाठी जागेची तंगी नसली, तरी विमानाची वजनमर्यादा दोन्ही टोकांना उभी आहे, हे पेट्या भरताना ध्यानात ठेवावे.

हंगामाची सांगड घालणे हे कोकणातल्या माणसाला सर्वांत कठीण जाते. जानेवारीपासून सुमारे एप्रिलपर्यंत हे जहाज सहसा जगप्रवासाला गेलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत बागायतदाराला कलमे सोडून हलता येत नाही, जुलै लावणीत जातो, आणि गणपतीच्या दिवसांत घर बंद ठेवण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. अटलांटिक तुलनेने शांत असतो तो मात्र मे ते ऑगस्टमध्ये. त्यामुळे आंबा आटोपल्यावर जूनचा उत्तरार्ध, किंवा लावणी उरकल्यानंतर गणपतीच्या आधी मिळेल तो काळ, असे दोनच कोनाडे उरतात. दोन्ही वेळी कोकणात पाऊस असतो. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावते, घाटात दरड कोसळते, महामार्गाचा भरवसा नसतो. म्हणून विमानाच्या निदान दोन दिवस आधी मुंबईत पोचावे, आणि लंडनलाही जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर त्याच्याही आधी पोचलेले बरे. विमान चुकले तर दुसरे मिळते. जहाज कोणासाठी थांबत नाही.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी जहाज निश्चित करण्याआधीच हाती घ्यावे. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या सासू-सासऱ्यांना ब्रिटनचा व्हिसा लागेल आणि न्यू यॉर्कला उतरण्यासाठी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा लागेल. समुद्रमार्गाने जात असल्यामुळे यात कोणतीही सूट मिळत नाही. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मिळण्यास केव्हा केव्हा फार काळ लागतो, म्हणून तो हातात असल्याशिवाय परत न मिळणारी रक्कम भरू नये. जावयाचे काम सोपे, पण त्यालाही आता मोकळे रान नाही: ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिकन नागरिकांनाही ब्रिटनमध्ये शिरण्यापूर्वी ईटीए ही डिजिटल परवानगी काढावी लागते. मुलीने अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल तर तिलाही तोच नियम लागू होतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड भारतात येण्यासाठी आहे, साउदॅम्प्टनला त्याचा काडीचाही उपयोग नाही. पुढे कधी याच कंपनीच्या जहाजाने नॉर्वे किंवा भूमध्य समुद्राकडे जाण्याचा बेत ठरला, तर ज्येष्ठांना युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणारा शेंगेन व्हिसाही काढावा लागेल.

आता खोली. अमेरिकन जहाजांवर खोली म्हणजे झोपण्याची जागा, बाकी सगळे जहाज सर्वांचे, असा सर्वसाधारण समज असतो. क्युनार्डमध्ये तुम्ही कोणत्या दर्जाची खोली घेता, त्यावर तुम्ही रोज कोठे जेवणार हे ठरते. बहुसंख्य प्रवासी ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये जेवतात. त्यावरच्या दर्जांना ब्रिटानिया क्लब, प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिल ही वेगवेगळी भोजनगृहे आहेत, आणि ग्रिलच्या प्रवाशांना स्वतंत्र बैठकीची जागाही मिळते. समतेच्या वातावरणात वाढलेल्या जावयाला ही उतरंड खटकण्याचा संभव आहे. खटकली तरी चालेल, पण एकाच कुटुंबाने वेगवेगळ्या दर्जाच्या खोल्या घेऊ नयेत, नाहीतर जावई एका मजल्यावर आणि सासरे दुसऱ्या मजल्यावर जेवत आहेत, असा प्रसंग ओढवतो. ब्रिटानिया दर्जा पुरेसा आहे. त्यातही जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवरची खोली घ्यावी, कारण जहाज डोलते तेव्हा नाळेकडे आणि वरच्या मजल्यांवर ते अधिक जाणवते. चौथ्या ते सहाव्या मजल्यावर सांगाड्यातच कोरल्यासारख्या आडोशाच्या बाल्कन्या आहेत. तेथे वारा कमी लागतो, पण खुर्चीत बसल्यावर समोर पोलादी भिंत येते, समुद्र दिसत नाही. अटलांटिकच्या वाऱ्यात बाल्कनीत बसणे तसेही थोडेच घडते, तेव्हा तिच्यासाठी फार पैसे मोजू नयेत. सातव्या मजल्यावर जहाजाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येईल असा लाकडी डेक आहे. समुद्र पाहण्याची जागा ती.

पोशाखाविषयी जावयाला घरी असतानाच स्पष्ट कल्पना द्यावी, कारण सर्वांत जास्त कुरबुर येथेच होते. संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतेक भागांत नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो: कॉलरचा शर्ट, पूर्ण पँट, बंद बूट. टायची गरज नसते. सात रात्रींपैकी बहुधा दोन रात्री गाला संध्याकाळ असते. तेव्हा पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालून बो-टाय वा टाय लावावा, स्त्रियांनी समारंभाचा पोशाख करावा, असा शिरस्ता आहे. या संध्याकाळींना काळा-पांढरा किंवा मुखवट्यांचा असा एखादा विषय दिलेला असतो, तो आधी पाहून ठेवावा. अमेरिकन माणूस सुट्टीत सूट बाळगण्याच्या विचारानेच वैतागतो. सासूबाईंना मात्र यात काहीच अवघड नाही, कारण औपचारिक राष्ट्रीय पोशाख तेथे मान्य आहे. पैठणी किंवा चांगली नारायणपेठी नेसून त्या जिना उतरतील, तेव्हा भाड्याच्या डिनर जॅकेटमध्ये अवघडलेल्या जावयापेक्षा त्याच अधिक शोभून दिसतील. सासऱ्यांनी गडद बंदगळा घ्यावा आणि सूट शिवण्याचा खर्च वाचवावा. ज्या रात्री नटण्याचा कंटाळा येईल त्या रात्री किंग्ज कोर्ट या बुफेत किंवा गोल्डन लायन या पबमध्ये साध्या कपड्यांत जेवता येते. परंतु सहलीची प्रत्येक रात्र तेथेच काढायची असेल, तर या जहाजाचे तिकीट काढण्यात अर्थ नाही. इस्त्री घरून नेऊ नये, आगीच्या भीतीने ती खोलीत चालत नाही. कपडे धुण्याच्या आणि इस्त्रीच्या खोल्या मजल्यांवर असतात, त्या विनामूल्य वापरता येतात आणि जहाजावरच्या बातम्याही तेथेच सर्वांत आधी कळतात.

जेवणाच्या दोन पंगती असतात, पहिली साधारण सहाला आणि दुसरी साडेआठच्या सुमारास. आरक्षणाच्या वेळीच निवड करावी लागते. कोकणातल्या ज्येष्ठांना सहा म्हणजे चहाची वेळ वाटेल, अमेरिकन जावयाला साडेआठ म्हणजे निजायची वेळ. यात मी ज्येष्ठांचा पक्ष घेईन आणि दुसरी पंगत घ्या म्हणेन. साडेतीनला क्वीन्स रूममध्ये होणाऱ्या दुपारच्या चहानंतर सहाला कोणालाही भूक नसते. हा चहा चुकवू नये. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी किटलीतून चहा ओततात, काकडीचे छोटे सँडविच, मग स्कोन हे छोटे गोडसर पाव, क्लॉटेड क्रीम ही घट्ट साय आणि जॅम आणतात, आणि बाजूला वाद्यवृंद चालू असतो. जावई बर्फ घातलेला चहा मागेल. मागू द्यावा, मिळतो, पण त्या हॉलमध्ये नाही मागितला तर बरे. खोलीत किटली असते, त्यामुळे सकाळचा पहिला चहा सासूबाईंना आपल्या हाताने, आपल्या चवीचा करून घेता येतो. चहाची पूड आणि वेलची तेवढी बरोबर असू द्यावी.

टेबल लहान असेल तर आपलेच कुटुंब बसेल, मोठे असेल तर अनोळखी प्रवासी शेजारी येतील आणि आठवडाभर तेच शेजारी राहतील. निवृत्त इंग्रज शिक्षक किंवा डॉक्टर पहिल्या रात्री फक्त हवामानावर बोलतात. अमेरिकन माणूस पाचव्या मिनिटाला आपले उत्पन्न, आजार आणि राजकीय मते सांगून मोकळा होतो आणि पलीकडे शांतता का पसरली, ते त्याला उमगत नाही. लेकीने त्याला दोन दिवस दम धरायला सांगावे. तिसऱ्या दिवसानंतर तेच इंग्रज प्रश्नमंजूषेसाठी त्याला आपल्या गटात ओढतात, कारण बेसबॉलवरच्या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या कोणाला येत नसतात.

शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच तसे नोंदवावे आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावे. अंडे चालते की नाही, हेही वेगळे सांगावे लागते. दुसऱ्या दिवशीचे मेनूकार्ड आदल्या रात्री मागून घेतले, तर डाळ-भात, भाजी असे काही करून देण्याची विनंती करता येते. नाश्त्याला मिळणारे ब्लॅक पुडिंग हे डुकराच्या रक्तापासून केलेले सॉसेज असते, ते वाढून घेण्याआधी नीट पाहावे. मासे खाणाऱ्यांची चैन असते, पण तळलेल्या कॉड माशाला बांगड्याची सर नाही, हे आधीच मान्य करून बसावे. पी अँड ओच्या अनेक जहाजांवर ‘सिंधू’ नावाचे भारतीय धाटणीचे रेस्टॉरंट आहे, तसे स्वतंत्र भारतीय भोजनगृह येथे अपेक्षू नये.

घरून काय न्यावे यापेक्षा काय नेऊ नये, हे अधिक महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये भारतातून मांस किंवा दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, खवा आणि घरचे तूप घरीच ठेवावे. अमेरिकेत भारतीय आंबा विकिरणप्रक्रिया आणि प्रमाणपत्रासह येतो तेवढाच चालतो, पिशवीतला हापूस बंदरावर काढून घेतला जाईल. सोडे-सुकट घेण्याचा मोह नातवंडांच्या नावाने होतो, तोही आवरावा. बंद खोलीतला तो वास एका रात्रीत सगळ्या मजल्यावर पोचतो.

पैशांचे गणित. क्युनार्डच्या जहाजावरचा हिशेब डॉलरमध्ये होतो, ही जावयाच्या सोयीची गोष्ट. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटी क्रेडिट कार्डातून वसूल होतो. अमेरिकेतून केलेल्या आरक्षणात सेवाशुल्क दररोज माणशी आपोआप लागते, म्हणून प्रत्येक वाढप्याच्या हातात वेगळी नोट ठेवण्याची अमेरिकन सवय येथे अनावश्यक आहे. पी अँड ओने तर बक्षिशी भाड्यातच धरली आहे. मद्य, खास कॉफी आणि इंटरनेट यांचे पैसे निराळे. खोलीत ब्रिटिश तीन पिनांचे आणि अमेरिकन दोन पिनांचे असे दोन्ही सॉकेट असतात, भारतीय चार्जरसाठी मात्र अडॅप्टर घ्यावा.

बोट लागण्याची भीती कोकणातल्या माणसाने फार बाळगू नये, पण मचव्यात बसून मोठा झालो म्हणून फुशारकीही मारू नये. अटलांटिकची लांब, संथ लाट वेगळी असते. डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आवळासुपारी आणि सुंठ खिशात ठेवावी, पोट रिकामे ठेवू नये, आणि अस्वस्थ वाटल्यास खोलीत आडवे होण्याऐवजी मध्यभागी, क्षितिज दिसेल अशा ठिकाणी बसावे. विम्याच्या बाबतीत मात्र कसलीही काटकसर नको. जहाजावरच्या दवाखान्याचे बिल प्रवाशाच्या खात्यावर लागते, आणि महासागराच्या मध्यावर हेलिकॉप्टरही पोचू शकत नाही. रक्तदाब, मधुमेह यांसारखे जुने आजार स्पष्ट नोंदवलेला प्रवासविमा ज्येष्ठांसाठी घ्यावा. जावयाचे आईवडील येणार असतील, तर त्यांनी मेडिकेअर या तिकडच्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर विसंबू नये, ते अमेरिकेबाहेर जवळजवळ निरुपयोगी आहे. नातवंड वर्षाच्या आतले असेल, तर या प्रवासाला त्याला घेतच नाहीत.

रिकामे दिवस कसे घालवायचे, हा प्रश्न जावई विचारेल, सासरे विचारणार नाहीत. व्याख्याने, मोठे ग्रंथालय, तारांगण, बॉलरूममध्ये दिवसा चालणारे नृत्याचे वर्ग, दुपारी नाटक किंवा चित्रपट, असा कार्यक्रम आदल्या रात्री खोलीत छापील स्वरूपात येतो. त्यातले दोनच निवडावेत आणि उरलेला वेळ डेकवरच्या आरामखुर्चीत पांघरूण घेऊन घालवावा. वरच्या मजल्यावर कुत्र्यांसाठीही खोल्या आहेत आणि त्यांच्या फिरण्याच्या जागेत एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक न्यू यॉर्कचा अग्निशमन नळ शेजारी शेजारी उभे केले आहेत. जहाजाच्या स्वभावाची त्याहून नेमकी खूण मला दुसरी दिसलेली नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या पेट्यांना रंगीत पट्ट्या बांधून त्या खोलीबाहेर ठेवाव्या लागतात, आणि पहाटे जहाज न्यू यॉर्क बंदरात शिरते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहायचा असेल, तर किती वाजता डेकवर यायचे ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे, उन्हाळ्यातही गरम शाल घ्यावी, आणि पासपोर्ट, औषधे, चष्मा व सकाळी घालायचे कपडे हातातल्या पिशवीत राहिले आहेत की नाहीत, ते पेट्या बाहेर ठेवण्यापूर्वी तपासावे. ब्रुकलिनच्या धक्क्यावर अमेरिकन नागरिकांची आणि परदेशी पासपोर्टची रांग वेगळी असते, त्यामुळे सासू-सासऱ्यांच्या जवळ परतीचे विमानतिकीट आणि मुलीचा पत्ता कागदावर लिहिलेला असावा, आणि जावयाने आपली रांग आधी संपली तरी सामानाच्या दालनातच त्यांची वाट पाहावी.